गाडी लहान, रुबाब महान

दोस्तांनो, या रविवारी एक उद्योग करून बघा. एक मोजपट्टी घ्या, एक खडू घ्या, वही-पेन्सिल घ्या आणि मदतीला एक भिडू घ्या. खाली जिथं गाड्या उभ्या असतात तिथं जा. ज्यांची गाडी आहे त्या काका-काकूंना आधी विचारा हं, नाहीतर 'कोण आहे रे तिकडे?' अशी आरोळी येईल आणि तुम्ही आमचं नाव सांगून मोकळे व्हाल!

आता गाडी निवडा. फार मोठी नको, फार चिमुकलीही नको. जीपसारखी उंच, छाती पुढे काढून उभी असलेली, पण लांबीला आखूड अशी एखादी. अशा गाड्या हल्ली गल्लोगल्ली दिसतात. जाहिरातवाले त्यांना 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही' म्हणतात. तिच्या नाकाच्या अगदी पुढच्या टोकाखाली जमिनीवर खडूची एक रेघ मारा. मागच्या टोकाखाली दुसरी रेघ मारा. आता दोन रेघांमधलं अंतर मोजा.

किती आलं? चार मीटरच्या अगदी जवळ, पण चार मीटरच्या आत. बरोबर ना?

आम्ही काही जादूगार नाही. टाटांची नेक्सॉन २०१७ मध्ये बाजारात आली तेव्हा तिची लांबी होती ३९९४ मिलिमीटर. मारुतीची विटारा ब्रेझा तिच्या वर्षभर आधी, २०१६ मध्ये आली. ती ३९९५. ह्युंदाईची व्हेन्यू २०१९ मध्ये आली. तीही ३९९५. महिंद्राची एक्सयूव्ही ३०० त्याच वर्षी आली. पुन्हा ३९९५! वर्गात चार मुलांचं उत्तर असं हुबेहूब सारखं आलं तर बाई काय म्हणतील ते सांगायला नको. पण इथं कुणी कुणाच्या वहीत डोकावलेलं नाही. चौघांनाही एकाच मास्तरांनी पट्टी दाखवली आहे.

पट्टीवाले मास्तर

हे मास्तर म्हणजे आपलं सरकार. २००६ सालच्या अर्थसंकल्पात त्या वेळचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. आता लहान गाडी म्हणायचं कशाला? तर जिची लांबी ४००० मिलिमीटरहून जास्त नाही, आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत आहे, ती लहान. पुढे उत्पादन शुल्क गेलं, २०१७ मध्ये जीएसटी आला, पण चार मीटरची ती रेघ काही पुसली गेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, तेव्हाही पेट्रोल-डिझेलवर चालणाऱ्या अशा लहान गाड्यांना १८ टक्के आणि मोठ्यांना ४० टक्के असा कर ठरला.

हा फरक केवढा, ते तुम्हीच काढा. कर धरण्याआधी एखाद्या गाडीची किंमत आठ लाख रुपये आहे असं समजा. १८ टक्क्यांनी कर झाला १ लाख ४४ हजार. ४० टक्क्यांनी झाला ३ लाख २० हजार. म्हणजे बंपर बोटाच्या पेराएवढा पुढे आला तरी गिऱ्हाइकाचे पावणेदोन लाखांहून जास्त रुपये गेले! मग कोण कशाला चार मीटर ओलांडेल?

म्हणून गाडीचं चित्र काढणाऱ्या माणसाच्या हातात कागद यायच्या आधीच त्या कागदावर दोन उभ्या रेघा मारलेल्या असतात. तुझी सगळी कला काय ती या दोन रेघांच्या आत दाखव! टाटांनी २००८ मध्ये आपल्या इंडिगो गाडीची शेपटी छाटून 'इंडिगो सीएस' काढली. लांबी ३९८८ मिलिमीटर. कर वाचला खरा, पण ती गाडी बाजूनं पाहिली की मागून कुणीतरी जोरात धक्का दिल्यासारखी वाटायची. आमचं आपलं मत, बरं का. ती घेणारे खूश होते.

महिंद्राच्या एक्सयूव्ही ३०० ची गोष्ट तर आणखी मजेची. ही गाडी नाशिकच्या कारखान्यात तयार होऊ लागली, पण तिचा जन्म कोरियातला. साँगयाँग कंपनीच्या 'टिवोली' या गाडीवरून ती घेतली होती. टिवोली होती सुमारे ४ मीटर २० सेंटीमीटर. म्हणजे वीसएक सेंटीमीटर कापायचे. कुठून कापणार? पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २६०० मिलिमीटर होतं, ते कमी केलं तर आत बसणाऱ्यांचे गुडघे समोरच्या सीटला टेकणार. नाकात इंजिन भरलेलं, तिथं फारसं काही निघत नाही. राहता राहिली डिकी. मग डिकीवरच कात्री चालली. चाकांमधलं अंतर जसंच्या तसं राहिलं, माणसं ऐसपैस बसली आणि बॅगांना मात्र 'जरा सरकून घ्या' म्हणायची वेळ आली. तिची डिकी होती २५७ लिटरची, तर नेक्सॉनची ३५०. गावाला जाताना आजीची लोणच्याची बरणी कुणाच्या तरी मांडीवर का येते, ते आता कळलं?

आत मोटार, बाहेर जीप

आता तुम्ही म्हणाल, गाडी आखूडच करायची तर साधी लहान गाडी करावी, हा जीपचा थाट कशाला? तर लोकांना तो आवडतो म्हणून! उंच बसायला आवडतं, खड्ड्यातून आणि गतिरोधकावरून जाताना पोट घासू नये असं वाटतं. पहिल्या नेक्सॉनचं पोट जमिनीपासून २०९ मिलिमीटर वर होतं. तुमच्या कंपासपेटीतली पंधरा सेंटीमीटरची पट्टी उभी धरली तरी खालून सहज जाईल.

पण बोलेरोसारखी खरी दणकट गाडी आणि ही गाडी यांच्या पोटात फरक असतो. बोलेरोच्या खाली पोलादाची शिडीसारखी चौकट असते आणि तिच्यावर धड वेगळं बसवलेलं असतं. मोटारीला अशी शिडी नसते. तिचं धड म्हणजेच तिचा सांगाडा, अंड्याच्या कवचासारखा एकसंध. ही अशी एकसंध मोटारीची बांधणी घ्यायची आणि तिला वरून जीपचा वेश चढवायचा, की झाली 'क्रॉसओव्हर'. जपानच्या टोयोटानं १९९४ मध्ये 'रॅव्ह ४' नावाची अशी गाडी काढली. तिचा तीन दारांचा प्रकार तर पावणेचार मीटरही नव्हता. तिथून पुढे या जातीच्या गाड्या जगभर पसरल्या.

वाघाचं कातडं पांघरलेल्या गाढवाची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. इथं गाढव म्हणणं बरोबर नाही. क्रॉसओव्हर मोटार हलकी असते, इंधन कमी पिते, वळणावर कमी डोलते. पण कातडं पांघरलेलं असतं हे खरं. नेक्सॉनचंच बघा, तिचं इंजिन फक्त पुढची दोन चाकं फिरवतं. नदीच्या वाळूत रुतली तर ट्रॅक्टरलाच बोलवावं लागेल!

ते कातडं कसं शिवतात, हीच तर खरी गंमत आहे.

पहिली युक्ती चाकांची. गाडीच्या टायरवर एक आकडा लिहिलेला असतो, तो कधी वाचला आहे? पहिल्या नेक्सॉनच्या वरच्या प्रकारांच्या टायरवर असायचं २१५/६० आर १६. टायरची रुंदी २१५ मिलिमीटर. रबराच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर. आणि मधलं धातूचं चाक १६ इंचांचं, म्हणजे सुमारे ४०६ मिलिमीटर. रबराची भिंत वर एकदा, खाली एकदा. करा बेरीज. १२९ अधिक ४०६ अधिक १२९. आले ६६४ मिलिमीटर. आणि गाडीची उंची किती होती? १६०७. म्हणजे गाडीच्या उंचीत चाकाचा वाटा रुपयात ४१ पैसे!

आता तुमच्या बाबांच्या लहानपणी रस्तोरस्ती दिसणारी मारुती ८०० आठवा. म्हणजे बाबांना आठवायला सांगा. तिचं टायर १४५/७० आर १२. हिशेब केला तर चाक सुमारे ५०८ मिलिमीटरचं येतं आणि गाडीची उंची १४०५. वाटा ३६ पैसे. पाचच पैशांचा फरक, पण आपला डोळा तो लगेच टिपतो. चाक मोठं दिसलं की गाडी दणकट वाटते. चित्रकलेच्या तासाला तुम्ही काढलेली जीप खेळण्यातली का वाटते? बहुतेक वेळा तिची चाकं लहान पडलेली असतात. पुढच्या वेळी पट्टी लावून काढा.

दुसरी युक्ती तुम्ही गावाकडे पाहिलेली आहे. घराची भिंत चुन्यानं पांढरी रंगवतात, पण खाली जमिनीलगत गेरूचा एक पट्टा ओढतात. पावसाचे शिंतोडे उडाले, कोंबड्यांनी माती उडवली, तरी ते डाग गेरूवर दिसत नाहीत. या गाड्यांच्या चाकांभोवती आणि दारांच्या खाली काळ्या प्लॅस्टिकची किनार असते ना, ती म्हणजे हाच गेरूचा पट्टा! खडे उडून लागले, फुटपाथला घासली, तर रंगवलेल्या पत्र्याला पोचे येण्याऐवजी प्लॅस्टिकला चरे पडतात. पण तिचं दुसरं काम अधिक लबाडीचं आहे. काळा भाग टायरच्या आणि सावलीच्या काळ्यात मिसळून जातो. त्यामुळे रंगीत धड जमिनीपासून खूप वर उचलल्यासारखं दिसतं आणि चाकं आहेत त्यापेक्षा मोठी वाटतात. खालचा काळा भाग हातानं झाकून बघा, गाडी एकदम साधी होऊन जाते!

मग टपाचा रंग वेगळा करायचा आणि खिडक्यांमधले खांब काळे करायचे. खांब काचेत हरवतात आणि टप जणू हवेत तरंगतो. चाकांवरचा पत्रा फुगवायचा, म्हणजे पैलवानानं दंड फुगवल्यासारखं वाटतं. दारांवरून इस्त्रीच्या घडीसारखी एक धारदार रेघ ओढायची. हिचा उपयोगही आहे. सपाट पत्रा लवतो, घडी पडलेला कमी लवतो. वहीचं पान हातात धरून बघा, सपाट असेल तर मान टाकतं आणि मध्ये घडी घातली की ताठ उभं राहतं.

काही गोष्टी मात्र निव्वळ नटणं. पुढच्या बंपरच्या खाली चंदेरी पट्टी दिसते ना? डोंगरात जाणाऱ्या खऱ्या गाड्यांना तिथं धातूची जाड ढाल असते, दगडावर आपटली तर इंजिन वाचावं म्हणून. आपल्या गाडीची पट्टी नखानं हळूच टकटक करून बघा. बहुतेक 'टप टप' असाच प्लॅस्टिकचा आवाज येईल!

नेक्सॉनची ही सगळी सजावट ज्यांच्या देखरेखीखाली झाली ते प्रताप बोस. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आणि मग लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकलेले. टाटांचे चित्रकार तेव्हा पुण्यात, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत आणि इटलीतल्या तुरीनमध्ये बसत. नेक्सॉनचा पहिला नमुना २०१४ च्या ऑटो एक्स्पोमध्ये मांडला होता आणि विक्रीची गाडी तीन वर्षांनी पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होऊ लागली. हो, महागणपतीचं रांजणगाव तेच! खिडक्यांच्या खालून मागपर्यंत गेलेला पांढरा पट्टा ही तिची ओळख होती. काहींना तो फार आवडला, काहींनी नाकं मुरडली. पण लांबून बघितलं तरी 'ती बघ नेक्सॉन' असं म्हणता यायचं, आणि एकसारख्या लांबीच्या गाड्यांच्या गर्दीत तेवढंच तर हवं असतं.

आणि हे सगळं संगणकावरच होतं असं समजू नका. मोठमोठ्या कंपन्या आजही खऱ्या मापाची मातीची गाडी करतात. अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीनं १९२७ मध्ये हार्ली अर्ल नावाच्या माणसाला गाड्यांच्या दिसण्याचं खातं सांभाळायला बोलावलं, त्यानं मातीत गाड्या घडवण्याची पद्धत रुळवली. ही माती कुंभाराची नव्हे. मेणकट, तपकिरी असते. गरम केली की मऊ होते, गार झाली की टणक. हलक्या सांगाड्यावर ती थापायची आणि पात्यांनी खरवडून आकार द्यायचा. गणपतीच्या कारखान्यात मूर्तिकार सोंडेवरून बोट फिरवत असतो ना, तसेच हे कारागीर मातीच्या पत्र्यावरून तळहात फिरवतात. डोळ्याला न दिसलेला उंचवटा हाताला कळतो. मग वर रंगीत चकचकीत कागद चिकटवतात आणि दिव्यांच्या रांगेखाली गाडी ठेवतात. दिव्याच्या प्रतिबिंबाची रेघ कुठं वाकडी झाली की पुन्हा पातं हातात!

रागावलेला चेहरा

गाडीला चेहरा असतो, हे तुम्ही आमच्या आधी ओळखलेलं असणार. दिवे म्हणजे डोळे, जाळी म्हणजे तोंड. व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर एक खराखुरा अभ्यास केला आणि तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीस माणसांना ३८ गाड्यांचे चेहरे दाखवले आणि विचारलं, ही गाडी लहान मूल वाटते की मोठा माणूस? मैत्री करील की भांडेल? गंमत म्हणजे लोकांची उत्तरं बरीच एकसारखी आली. रुंद चेहरा, बारीक फटीसारखे दिवे, म्हणजे दांडगट आणि रागीट. आणि लोकांना जास्त आवडल्या त्या या दांडगटच!

झालं. मग डोळे बारीक होत गेले. पण डोळे बारीक केले तर रात्री उजेड कसा पडणार? त्यावर काढलेला तोडगा नव्या गाड्यांत बघा. वर बॉनेटच्या कडेला भुवईसारखी बारीक दिव्यांची पट्टी आणि खरा हेडलाइट खाली बंपरमध्ये लपवलेला. २०२३ मध्ये नेक्सॉनचा चेहरा बदलला तेव्हा तिनंही हेच केलं. म्हणजे ज्याला आपण डोळे समजतो त्या नुसत्या भुवया! आणि बॉनेट वर चढत गेलं, नाक उभं होत गेलं. उभं नाक म्हणजे दमदार.

इथवर सगळी गंमत होती. आता जरा थांबा. आई-बाबा, हा पुढचा भाग तुम्हीही वाचा.

आमचा भाचा सहा वर्षांचा आहे. गेल्या पावसाळ्यात आम्ही सगळे भाड्याच्या एका अशाच गाडीतून साताऱ्याला निघालो. खंबाटकीचा घाट लागला, मोठी माणसं 'अहाहा, काय हिरवंगार' म्हणू लागली, आणि हे चिरंजीव मागच्या सीटवर मुसमुसून रडायला लागले. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, "तुम्ही सगळे धबधबा धबधबा करता, मला नुसतं दार दिसतंय!" खरंच होतं त्याचं. त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर काच नव्हतीच, पत्रा होता.

हे का होतं? खिडकीच्या खालची रेघ मागे जाता जाता वर चढवली की गाडी उडी मारायच्या पवित्र्यात असल्यासारखी दिसते. काच कमी आणि पत्रा जास्त ठेवला की भक्कम वाटते. किल्ल्याच्या तटाला बंदुका रोखायला जंग्या असतात, तशा खिडक्या होत जातात. तटाआड बसणाऱ्याला ते ठीक आहे, पण सहलीला निघालेल्या मुलाला? १९९१ मध्ये पुण्याहूनच बाहेर पडलेली टाटा सिएरा आठवणाऱ्यांना विचारा. तिच्या मागच्या बाजूला भली थोरली काच होती, थेट टपापर्यंत वळत गेलेली. २०२५ मध्ये सिएरा हे नाव नव्या गाडीवर परत आलं, तेव्हा कित्येक मोठ्या माणसांना आधी आठवली ती मागची काचच.

आतून बाहेर दिसत नाही, याचा दुसरा अर्थ लक्षात आला का? गाडी मागे घेताना ड्रायव्हरलाही मागचं नीट दिसत नाही. मागचा खांब जाड, मागची काच आखूड, आणि तिच्या खाली सव्वातीन फुटांचं एखादं मूल चेंडू शोधत असेल तर? म्हणूनच जुलै २०१९ पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या मोटारीला मागे अडथळा आला की 'टी टी' वाजणारं यंत्र सक्तीचं झालं. तुमच्या गाडीचं ते वाजतं का, एकदा बघून घ्या.

पुढची बाजू त्याहून नाजूक आहे. ठेंगण्या नाकाच्या गाडीचा धक्का मोठ्या माणसाला पायावर बसतो आणि माणूस बॉनेटवर लवंडतो. उंच, उभ्या नाकाचा धक्का वर बसतो, कमरेवर, छातीवर. आणि मुलाला? मुलाची छाती आणि डोकं तिथंच असतं जिथं मोठ्या माणसाची कंबर असते. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेनं २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या सुमारे १८ हजार अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचं बॉनेट ४० इंचांहून उंच आहे अशा गाड्यांच्या धडकेत माणूस दगावण्याची शक्यता, ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त निघाली. अमेरिकेतल्या गाड्या आपल्यापेक्षा पुष्कळ मोठ्या असतात, हे खरं. म्हणून तो आकडा तसाच उचलून आपल्या चार मीटरवाल्यांना चिकटवू नका. पण मोजपट्टी आहेच तुमच्या हातात. तुमच्या गाडीचं बॉनेट किती इंचांवर आहे?

आपल्याकडे यावर काहीच झालं नाही असं मात्र नाही. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनांच्या संशोधनाची संस्था आहे. टेकडीवर फिरायला जाणारे पुणेकर तिच्या नावानंच टेकडी ओळखतात. वाहनांची जी मानकं ती प्रसिद्ध करते, त्यांतलं शंभराव्या क्रमांकाचं मानक खास पायी चालणाऱ्यांसाठी आहे. चाचणीत मुलाच्या आणि मोठ्या माणसाच्या डोक्यासारखे गोळे बॉनेटवर आदळवतात आणि किती जोराचा दणका बसला ते मोजतात. ऑक्टोबर २०१८ पासून नव्यानं येणाऱ्या मोटारींना आणि २०२० पासून जुन्या मोटारींनाही ते लागू झालं. यात एक पेच आहे. बॉनेटचा पत्रा दबायला हवा असेल तर त्याच्याखाली, इंजिनाच्या वर, मोकळी जागा हवी. मोकळी जागा हवी तर बॉनेट वर उचलायला हवं. म्हणजे नाक उंच होण्याचं थोडं कारण चालणाऱ्याची काळजी हेही आहे! कागदावर एक रेघ खाली-वर करताना चित्रकाराला किती जणांचं ऐकावं लागतं ते बघा. कर मोजणारे एकीकडे, गिऱ्हाईक दुसरीकडे, डोक्याचे गोळे आदळवणारे तिसरीकडे.

एक गोष्ट मात्र चित्रकाराच्या माथी मारू नका. गाडीच्या पुढे काही हौशी लोक पोलादी नळ्यांची जाड चौकट लावून घ्यायचे, तिला बुलबार म्हणत. दिसायची भारदस्त, पण चालणाऱ्याला लागली तर हाडं मोडणार. शिवाय बंपरनं चेपून धक्का शोषायचा, ते कामही ती बिघडवते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं त्यावर कारवाई करायला राज्यांना कळवलं. अजून कुठं दिसली तर त्या काकांना सांगा, जरा लाडीगोडीनं.

आणि खडू टाकून देऊ नका, अजून एक रेघ बाकी आहे.

गाडी बंद हवी आणि किल्ली आईच्या हातात हवी. हा नियम मोडायचा नाही. बाबांना ड्रायव्हरच्या जागी नेहमीसारखं बसायला सांगा, मान उंच करून डोकावायचं नाही असंही बजावा. आता घरातलं एक बुटकं स्टूल गाडीच्या नाकाला चिकटवून ठेवा. बाबांना दिसतं का? नाही. मग ते थोडं थोडं पुढे सरकवत जा. बाबा ज्या क्षणी 'दिसलं' म्हणतील तिथं खडूची तिसरी रेघ मारा आणि नाकापासून तिथपर्यंत मोजा. तसंच शेजारच्या एखाद्या जुन्या, ठेंगण्या गाडीचं मोजा. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा आणि आम्हाला कळवा.

मग स्टूल बाजूला ठेवा. तुमच्या धाकट्या भावाला किंवा बहिणीला त्या तिसऱ्या रेघेच्या आत, नाकाजवळ, चेंडू उचलायला बसतात तसं उकिडवं बसवा आणि बाबांना विचारा, "बाबा, सोनू कुठाय?"